चक्रीवादळानंतरचा आढावा: यंत्रणा किती पुरी पडली, हे मोजायचं कसं?

चक्रीवादळ गेलं की दुसऱ्या दिवशी आकडे येतात. इतकी झाडं पडली, इतकी घरं मोडली, इतके खांब आडवे झाले, अग्निशमन दलाला इतके कॉल आले. चार-आठ दिवसांनी बैठक होते. सरकार म्हणतं यंत्रणेने चोख काम केलं, विरोधक म्हणतात यंत्रणा कोलमडली, आणि मृगाचा पाऊस सुरू झाला की विषय बासनात जातो. दोन्ही बाजूंच्या बोलण्यातून पुढच्या वादळासाठी आपल्या हाती काहीच लागत नाही. एक हजार झाडं हटवली, हे ऐकून मला काय कळलं? माझ्या गावात रुग्णवाहिका अडली होती की नाही, आणि अडली असेल तर किती वेळ, हे त्यातून कळत नाही.

आपत्ती व्यवस्थापनाचा आढावा घेण्याची रीत तशी अवघड नाही. तिचा गाभा एका प्रश्नात आहे: कुठली गोष्ट किती वाजता झाली, आणि शेवटच्या घरापर्यंत ती किती वाजता पोचली? मुख्यालयातून निघालेल्या आदेशाची वेळ आणि वाड्याच्या टोकाला राहणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग झाल्याची वेळ, या दोहोंमध्ये जितके तास गेले तितकी यंत्रणा कमी पडली. बाकी सगळं याच प्रश्नाच्या फांद्या. गोव्याच्या संदर्भात हे समजून घ्यायला मे २०२१ चं तौक्ते चक्रीवादळ सगळ्यात उपयोगी, कारण ते अजून बहुतेकांच्या आठवणीत आहे.

तौक्तेने काय केलं, काय केलं नाही

१४ मे २०२१ च्या सकाळी लक्षद्वीपच्या परिसरात डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाच्या आधीची पायरी, तयार झालं. त्याच रात्री त्याचं चक्रीवादळ झालं, आणि १६ तारखेच्या पहाटेपर्यंत ते अतितीव्र गटात गेलं. म्हणजे दोन दिवसही लागले नाहीत. हवामान खातं ही वर्गवारी वाऱ्याच्या वेगावरून करतं: ताशी ६२ ते ८८ किलोमीटर असेल तर साधं चक्रीवादळ, ८९ ते ११७ असेल तर तीव्र, त्याच्या वर अतितीव्र, आणि पुढे आणखी दोन पायऱ्या. तौक्ते नंतर आणखी एक पायरी चढलं आणि १७ मेच्या रात्री दीव आणि उना यांच्या दरम्यान गुजरातच्या किनाऱ्यावर धडकलं.

गोव्यावर ते धडकलंच नाही. १६ मेच्या रविवारी ते आपल्या किनाऱ्यापासून शंभर-दीडशे किलोमीटरवरून उत्तरेकडे सरकत गेलं. तेवढ्यानेही दोन माणसं गेली. एका ठिकाणी झाड अंगावर पडलं, दुसऱ्या ठिकाणी विजेचा खांब. शेकडो खांब मोडले, ३३ केव्हीचे फीडर, म्हणजे एकेका भागाला वीज नेणाऱ्या वाहिन्या, झाडांखाली गेले, आणि महाराष्ट्रातून गोव्याला वीज आणणाऱ्या २२० केव्हीच्या वाहिन्यांनाही मार बसल्याचं तेव्हाच्या वीजमंत्र्यांनी सांगितलं. गोवा स्वतःची वीज जवळपास बनवतच नाही, ती बाहेरूनच येते. मुख्य वाहिनीच गेली की गावातले खांब शाबूत असूनही काही फायदा नाही. पुढचे काही दिवस बार्देशसह अनेक भागांत वीज नव्हती आणि वीज नाही म्हणून पाणी नव्हतं.

आढावा घेणाऱ्याने पहिली नोंद हीच करायला हवी: हे थेट धडकलेलं वादळ नव्हतं, बाजूने गेलेलं होतं. यंत्रणेला आलेला पेपर सोपा होता, आणि गुण देताना ते लक्षात ठेवायला हवं.

नशीब आणि तयारी वेगळी काढा

जीवितहानी कमी झाली म्हणजे यंत्रणा उत्तम, हा निष्कर्ष आपण फार लवकर काढतो. मृत्यू कमी होणं हे सगळ्यांत मोलाचं, त्याबद्दल वाद नाही. पण ते कशामुळे कमी झाले, हे विचारल्याशिवाय पुढच्या खेपेला तसंच होईल याची खात्री देता येत नाही.

त्या रविवारी गोव्यात कोविडची संचारबंदी होती. रस्त्यावर माणसं मोजकी, पर्यटक जवळजवळ नाहीत, बाजार आणि हॉटेलं मंद. झाडं पडली ती बऱ्याच ठिकाणी रिकाम्या रस्त्यांवर. वारा दिवसाउजेडी आला. आणखी एक गोष्ट, जिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष गेलं, ती म्हणजे तिथी. अक्षय तृतीया दोन दिवसांपूर्वी झाली होती. अमावास्येचं उधाण ओसरून समुद्र भांगाकडे, म्हणजे सगळ्यांत कमी भरतीच्या दिवसांकडे, निघाला होता. वादळाने फुगलेलं पाणी आणि उधाणाची भरती यांची गाठ पडली नाही.

ती गाठ पडली की काय होतं, हे २०१७ च्या ओखी चक्रीवादळाने दाखवलं होतं. ओखी गोव्यापासून तौक्तेपेक्षा कितीतरी दूर होतं. पण ३ डिसेंबरला दत्तजयंतीची पौर्णिमा होती, चंद्र पृथ्वीच्या जवळ होता, आणि त्या रात्री पेडण्याच्या किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये समुद्र शिरला. सामान वाहून गेलं, वाळू खचली. वाऱ्याच्या वेगावर आधारलेल्या वर्गवारीत गोव्यासाठी ते वादळ जवळजवळ नव्हतंच.

मग आढाव्यात हा प्रश्न यायलाच हवा: तौक्तेसारखं वादळ ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पर्यटनाचा हंगाम सुरू होताना, पौर्णिमेच्या रात्री, पन्नास किलोमीटर जवळून गेलं असतं तर? मांडवी, झुआरी, साळ या नद्यांच्या काठच्या खाजनांचे, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनींचे, बांध टिकले असते का? मानशीची, म्हणजे बांधातून पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेची, दारं कोणी बघितली होती? ज्या गावात मानस चालवणारं कुळ किंवा संघटना आता नावापुरती उरली आहे, तिथे रात्री दोन वाजता ते दार कोण लावणार? तौक्तेत या प्रश्नाची परीक्षाच झाली नाही. न झालेल्या परीक्षेत पास झाल्याचं लिहू नये.

थोडक्यात टळलेल्या घटनांचाही आढावा असाच घ्यायचा असतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये, अरबी समुद्रात क्यार हे चक्रीवादळ तयार होत असताना, मुरगाव बंदरात नांगरलेलं 'नू शी नलिनी' हे जहाज खवळलेल्या समुद्रात वाहत येऊन दोना पावलाच्या खडकांवर अडकलं. जहाजावर खलाशी नव्हते, पोटात दोन हजार टनांहून अधिक नाफ्था, म्हणजे चटकन पेट घेणारं खनिज तेल, होतं. स्फोट झाला नाही, गळती पसरली नाही, म्हणून गोवा विसरून गेला. पण बंदराला वादळाचा इशारा मिळतो तेव्हा विनाखलाशी उभ्या असलेल्या जहाजाची जबाबदारी किती वाजता कोणाकडे जाते, हा प्रश्न स्फोट न होताही तितकाच खरा राहतो.

इशारा कुठे अडतो

हवामान खात्याचा अंदाज आता पूर्वीपेक्षा खूपच भरवशाचा आहे. चक्रीवादळासाठी चार टप्प्यांत सूचना येतात: साधारण ७२ तास आधी पहिली चाहूल, ४८ तास आधी पिवळा इशारा, २४ तास आधी नारिंगी, आणि किनाऱ्यावर येण्याच्या १२ तास आधी लाल, ज्यात वादळ जमिनीवर आल्यावर काय होईल हेही सांगितलेलं असतं. पणजीच्या वेधशाळेकडे डॉप्लर रडार आहे. तौक्तेचा इशाराही वेळेत आला होता.

अडचण त्याच्या पुढे सुरू होते. सूचना वेधशाळेतून राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेकडे, तिथून जिल्हाधिकाऱ्याकडे, मग मामलेदार, मग पंचायत, आणि पंचायतीतून वाड्यावर, अशी जाते. प्रत्येक पायरीवर ती पाठवल्याची नोंद असते, ऐकल्याची नसते. आढाव्यात मोजायचं ते शेवटच्या माणसाने ऐकून काही केलं का, हे. कौलांवर दोर आवळले का, होडी वर ओढली का, म्हाताऱ्या माणसाला नातेवाइकांकडे नेलं का.

मच्छीमारांच्या बाबतीत हे फार टोकदार होतं. गोव्यात ट्रॉलरबंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे मेच्या मध्याला बोटी समुद्रात असतात, उलट हंगामाच्या शेवटच्या फेऱ्यांची घाई असते. मालीम, कुटबण, खारीवाडो, शापोरा इथल्या बोटींवरचे बरेच खलाशी ओडिशा, झारखंड, कर्नाटकातून आलेले. त्यांना कोकणी किंवा मराठीतला इशारा कितपत पोचतो? तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, कळलं की बोट फिरते, हे खरं. पण जेटीवर नांगरलेल्या बोटीत झोपणाऱ्या खलाशाला रात्री उठवून निवाऱ्यात कोणी नेलं, याची नोंद कुठल्या वहीत आहे? ओखीच्या वेळी दक्षिणेकडचे शेकडो मच्छीमार कायमचे गेले, कारण कन्याकुमारीजवळ वादळ झपाट्याने तयार झालं तेव्हा ते आधीच खोल समुद्रात होते. अरबी समुद्र तापतो आहे, तिथली वादळं चटकन बळावतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये दाखवून दिलं की २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली. इशारा आणि वादळ यांच्यातले तास कमी होत जाणार, असंच धरून चालायला हवं.

भोंग्यांचा अनुभव तर आपल्या डोळ्यांसमोरचा आहे. किनारी राज्यांसाठीच्या राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पात गोवाही होता. धोक्याची सूचना देणारे भोंगे, निवारे, भूमिगत वीजवाहिन्या अशी कामं त्यात होती. सप्टेंबर २०२३ मध्ये एका रात्री पर्वरीच्या टेकडीवरचा असा एक भोंगा आपोआप वाजू लागला आणि बराच वेळ वाजत राहिला. त्सुनामी नव्हती, सरावही नव्हता. लोक घाबरले, एकमेकांना फोन करत राहिले, आणि काही नाही हे कळल्यावर चिडून झोपले. माझ्या मते ही घटना एखाद्या छोट्या वादळाइतकीच बारकाईने तपासायला हवी. भोंगा वाजल्यापासून 'धोका नाही' हा निरोप अधिकृतपणे लोकांपर्यंत पोचेस्तोवर किती मिनिटं गेली? तो कुठल्या मार्गाने आला, सरकारी की व्हॉट्सअॅपच्या गटातून? आणि ज्यांनी तो ऐकला त्यांतले किती जण खरोखर उंच जागी जायला निघाले? या तीन उत्तरांतून किनाऱ्यावरच्या इशारा यंत्रणेबद्दल कुठल्याही ठरवून केलेल्या सरावापेक्षा जास्त कळलं असतं.

एक आंबा, तीन खाती

आता आढाव्याच्या मुख्य भागाकडे येऊ. वादळात गोव्याला सर्वांत जास्त छळते ती झाडं आणि विजेच्या तारा यांची जोडी. आपले रस्ते अरुंद, झाडं दाट, तारा झाडांतून गेलेल्या.

समजा, गावातल्या मुख्य रस्त्यावर एक जुना आंबा ११ केव्हीच्या तारांवर कोसळला. कोणीतरी १०१ ला फोन करतं. अग्निशमन दलाची गाडी वाटेतली दुसरी झाडं कापत पोचते. पण तारेत वीज आहे की नाही हे माहीत नसताना करवत लावता येत नाही. वीज खात्याच्या माणसाने सबस्टेशनकडून 'लाइन क्लिअर' घ्यायची, म्हणजे ती वाहिनी बंद आहे आणि सांगेपर्यंत सुरू करणार नाही अशी हमी. लाइनमन चार किलोमीटरवर दुसऱ्या खांबाशी अडकलेला. सबस्टेशनचा फोन सतत व्यस्त. दल थांबतं, किंवा पुढच्या कॉलला निघून जातं. लाइनमन येतो तेव्हा दल नसतं. दोघं एकत्र येतात तेव्हा खोड हलवायला जेसीबी नसतो. जेसीबी पंचायतीच्या ओळखीच्या ठेकेदाराचा. त्याला पैसे कोण देणार हे ठरलेलं नसतं. शेवटी वाड्यावरची चार पोरं कोयते आणि दोरखंड घेऊन फांद्या तोडतात आणि एक दुचाकी जाईल एवढी वाट करतात.

यात कोणीही आळशी नाही. वाऱ्यात शिडीवर चढणारा लाइनमन आणि रात्रभर करवत चालवणारा जवान यांच्या कष्टांपुढे मी मान झुकवतो. वेळ गेला तो माणसांच्या कामात नाही, दोन खात्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत. आणि प्रत्येक खातं आपापला अहवाल देतं तेव्हा ही मधली जागा कोणाच्याच अहवालात येत नाही. अग्निशमन दलाच्या वहीत 'पोचलो' असं असतं, वीज खात्याच्या वहीत 'दुरुस्त केलं' असं असतं, आणि मधले सहा तास हवेत विरून जातात.

म्हणून चांगल्या आढाव्यात खात्यांचे अहवाल एकाखाली एक जोडत नाहीत. एक घटना घ्यायची आणि तिच्या सगळ्या वेळा एका ओळीत मांडायच्या: फोन आला, पथक निघालं, पोचलं, लाइन क्लिअर मिळाली, झाड हटलं, वीज आली. अशा तीस-चाळीस घटना वेगवेगळ्या तालुक्यांतून निवडून मांडल्या की कुठे अडतं ते सांगायला तज्ज्ञ लागत नाही. लाइन क्लिअरपाशीच दर वेळी तास जात असतील, तर उपाय सरळ आहे: वादळाच्या दिवसांत प्रत्येक अग्निशमन केंद्रात वीज खात्याचा एक अधिकृत माणूस बसवायचा. हा खर्चाचा नव्हे, ठरवण्याचा विषय आहे.

धोकादायक झाडांचं तर वेगळंच. घरावर झुकलेलं झाड तोडायला उपजिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा पंचायतीकडे अर्ज करावा लागतो; गोव्यात १९८४ पासून वृक्षसंरक्षण कायदा आहे, तो हवाच. पण वादळात पडलेल्या झाडांपैकी किती झाडांसाठी आधी अर्ज आले होते आणि ते किती दिवस पडून होते, हे दोन याद्या समोरासमोर ठेवल्या की दिसतं. पडलेल्या झाडांची यादी आहे, अर्जांची नोंदवही आहे. त्या एका टेबलावर आणायच्या.

वीज गेली की तिच्या मागोमाग काय काय जातं, याचा माग काढणं हा आढाव्याचा दुसरा मोठा भाग. नळाचं पाणी पंपांवर अवलंबून. ओपा, अस्नोडा, साळावली इथलं शुद्धीकरण सुरू असलं तरी मधल्या पंपिंग स्टेशनला वीज नसेल तर टेकडीवरची टाकी भरत नाही. मोबाइलचे टॉवर बॅटरीवर काही तास तग धरतात, मग जनरेटर नसेल तर तेही बंद, आणि वीज नसल्याची तक्रार करायलाही फोन लागत नाही. २०२१ मध्ये यात आणखी एक धागा होता. त्याच आठवड्यात गोमेकॉतल्या, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या, ऑक्सिजनचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि रुग्णालयात जागा नाही म्हणून बरेच रुग्ण घरीच होते. ज्याच्या उशाशी विजेवर चालणारा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे, त्याच्यासाठी फीडर ट्रिप होणं म्हणजे गैरसोय नसते. अशा घरांची यादी असलीच तर ती आरोग्य खात्याकडे. फीडर कुठला आधी जोडायचा हे वीज खातं ठरवत होतं. ती यादी या टेबलावरून त्या टेबलावर जायला हवी, हे कोविड संपलं म्हणून संपलेलं नाही. डायलिसिसचे रुग्ण, घरी ऑक्सिजनवर असलेले वृद्ध आजही आहेत.

सरासरी काय लपवते

अहवालांत एक वाक्य हमखास असतं: सरासरी अमुक तासांत तक्रारींचं निवारण झालं. गणित करून बघा. दहा तक्रारींपैकी नऊ दोन तासांत मिटल्या आणि एक बेचाळीस तासांनी. सरासरी येते सहा तास. ऐकायला बरी. पण सहा तास कोणालाच लागले नाहीत. नऊ जणांना त्याहून कितीतरी कमी लागले, आणि एक माणूस जवळजवळ दोन दिवस अंधारात बसला.

तो दहावा माणूस कोण, हे शोधणं म्हणजे निम्मा आढावा. तो बहुतेक वेळा पणजीत नसतो. तो सत्तरीच्या किंवा सांग्याच्या आतल्या भागात असतो, काणकोणच्या टोकाला असतो, भाड्याच्या खोलीत राहणारा मजूर असतो, किंवा तक्रार कुठे करायची हेच माहीत नसलेली एकटी म्हातारी असते. तिची तर तक्रारच नोंदलेली नसते, त्यामुळे ती त्या दहांतही नाही. कंट्रोल रूमच्या नोंदवहीवर विसंबून आढावा घेतला तर ज्यांना फोन करता आला त्यांचाच आढावा होतो. म्हणून नोंदवही बघून झाली की वाड्यावर जावं लागतं. ज्या वॉर्डातून एकही कॉल आला नाही, तिथे आधी.

पंचनाम्यापासून खात्यापर्यंत

नुकसानभरपाईत थोडक्यात दोनच तारखा बघायच्या: पंचनाम्याची आणि पैसे खात्यात आल्याची. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे निकष केंद्र ठरवतं. मृत्यूला चार लाख रुपये, आणि २०२२ ते २०२६ साठीच्या निकषांत पक्क्या घराच्या अंशतः पडझडीला ६,५०० रुपये, तेही किमान १५ टक्के नुकसान असेल तर. नारळ पडून निम्मी कौलं आणि वासे गेलेल्या घराला एवढ्यात काय होतं ते गोव्यात कोणालाही सांगायला नको. राज्य सरकार वरून भर घालू शकतं. पण रक्कम कितीही असो, जूनचा पाऊस यायच्या आधी छप्पर शाकारण्यासाठी ती असते. सप्टेंबरात आली तर तिने ताडपत्रीचं काम केलं नाही.

ओडिशाने काय केलं

आढावा मनापासून घेतला तर किती फरक पडतो, याचं देशातलं सर्वांत मोठं उदाहरण ओडिशा. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं मेली. त्यानंतर काही महिन्यांतच राज्याने आपत्तीसाठी स्वतंत्र प्राधिकरण उभं केलं, किनाऱ्यावर निवारे बांधले, प्रत्येक निवाऱ्याला गावातली समिती जोडली. २०१३ च्या फायलिनच्या आधी जवळपास दहा लाख लोक हलवले गेले, मृतांची संख्या पन्नाशीच्या आत राहिली. २०१९ च्या फनीच्या वेळीही सुमारे बारा लाख हलवले.

पण फनीने ओडिशालाही एक धडा दिला आणि तो गोव्याच्या जास्त जवळचा आहे. माणसं वाचली, पण पुरी आणि भुवनेश्वरची वीज यंत्रणा भुईसपाट झाली, पुरीच्या काही भागांत ती यायला आठवडे लागले. जीव वाचवणं आणि जगणं पूर्ववत करणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. गोव्यासारख्या लहान राज्यात, जिथे किनाऱ्यापासून शंभर-दीडशे किलोमीटरवरून गेलेलं वादळही घराघरातला दिवा विझवतं, तिथे दुसरी परीक्षा अधिक अवघड.

आढावा कोणी घ्यायचा

ज्या खात्याने काम केलं त्यानेच स्वतःला गुण द्यायचे, हे कुठेच चालत नाही. बाहेरची माणसं हवीत: अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्राध्यापक, निवृत्त अभियंते, शेजारच्या सिंधुदुर्गातले अधिकारी. सिंधुदुर्गालाही तौक्तेने झोडपलं होतं, भूगोल तोच, झाडं तीच, फक्त प्रशासन वेगळं. दोन्ही बाजूंच्या वेळा शेजारी ठेवल्या तर काय वादळामुळे झालं आणि काय कारभारामुळे, ते वेगळं दिसेल.

आढावा म्हणजे चौकशी नव्हे, हेही आधीच स्पष्ट करायला हवं. हलगर्जी झाली असेल तर तिच्यासाठी कायद्यात वेगळी वाट आहे. आढाव्यात लाइनमनने खरं सांगायला हवं की त्याच्याकडे दोरखंड नव्हता, हातमोजे फाटलेले होते. सांगितल्यावर नोटीस येणार असेल तर तो सांगणार नाही, आणि पुढच्या वादळातही तो तसाच खांबावर चढेल. निर्णय तपासताना त्या क्षणी त्या माणसाला काय माहीत होतं, तेच बघायचं. नंतर कळलेल्या गोष्टींवरून त्याला दोषी धरणं सोपं, पण त्यातून शिकण्यासारखं काही निघत नाही.

कायद्याचा आधार आपल्या बाजूने आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ मध्ये राज्याचा आराखडा आणि जिल्ह्याचा आराखडा या दोहोंचा वेळोवेळी आढावा घेऊन ते अद्ययावत करावेत असं लिहिलं आहे. राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष मुख्यमंत्री, जिल्हा प्राधिकरणाचे जिल्हाधिकारी, स्थानिक संस्थांचीही कर्तव्यं ठरलेली. म्हणजे ग्रामसभेत उठून 'आमच्या जिल्ह्याचा आराखडा शेवटचा कधी बदलला, आणि गेल्या वादळातल्या कुठल्या अनुभवावरून?' असं विचारणं हा तुमचा-माझा हक्क आहे. आराखड्याची प्रत, कंट्रोल रूमच्या नोंदवहीच्या नकला, आपल्या फीडरच्या ट्रिपिंगच्या नोंदी माहिती अधिकारात मागता येतात. पंचांपैकी एखादा उत्साही असेल तर त्याचीही गरज नाही, तो कार्यालयात जाऊन घेऊन येईल.

वेळेचंही भान हवं. अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात, मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. पहिल्या हंगामातल्या वादळाचा आढावा दुसऱ्या हंगामाआधी हातात पडला तरच त्याचा उपयोग, म्हणजे गणपती झाल्यावर, सप्टेंबर संपेपर्यंत. तेवढ्यात मोठा अहवाल होणार नसेल तर निदान एक काम एका दुपारी होऊ शकतं. जिल्ह्याच्या आणि पंचायतीच्या आराखड्याच्या शेवटी संपर्कासाठी फोन क्रमांकांची यादी जोडलेली असते: सबस्टेशन, अग्निशमन केंद्र, आरोग्य केंद्र, जेसीबीवाला, होडीवाला, शाळेच्या चाव्या ठेवणारा शिपाई. त्यातल्या प्रत्येक क्रमांकावर संध्याकाळी सातनंतर फोन लावून बघावा. जो उचलला जात नाही, ज्याच्यावर बदली होऊन गेलेला माणूस बोलतो किंवा जो क्रमांकच आता अस्तित्वात नाही, तो तिथल्या तिथे खोडून नवा लिहावा, आणि ती सुधारलेली यादी दुसऱ्या दिवशी मामलेदार कार्यालयात देऊन तिची पोच घ्यावी.